चांदीला वय नसतं

पोतदारांबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला आमच्या अख्ख्या उपनगरात, पॉइंट कुकमध्ये भेटलेला नाही, आणि मीही उगाच तशी सुरुवात करणार नाही. माणूस दुष्ट होता. दुष्ट म्हणजे चोर किंवा लबाड नव्हे, त्या बाबतीत धुतल्या तांदळासारखा. पण समोरच्याचं नेमकं कुठे दुखतं हे त्यांना बघताक्षणी कळायचं, आणि कळलं की तिथेच बोट ठेवायचं, अशी खोड होती. वर परत म्हणायचे, "मी खोटं बोललो काय? न्हाई न्हवं? मग रडायलायस कशाला?"

मेलबर्न शहरात ग्रेगचं दागिने दुरुस्तीचं दुकान आहे. दुसऱ्या मजल्यावर, जाळीच्या दाराची लिफ्ट असलेल्या जुन्या इमारतीत. मी तिथे काउंटरला. गिऱ्हाइकाकडून वस्तू घ्यायची, काय करायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, वस्तू आणि चिठ्ठी पाकिटात घालून आत कारागिराला द्यायची, हे माझं काम. अकाउंटिंगमध्ये मास्टर्स करून मी तिथे कशी पोचले ती वेगळी कथा आहे, आणि ती इथे सांगण्यासारखी नाही. पोतदार आत, टेबलावर. ते कोल्हापूरजवळच्या हुपरीचे. तिथे घरोघरी चांदीचं काम चालतं. यांच्या चार पिढ्यांनी पैंजण घडवले. ग्रेगने त्यांना स्पॉन्सर करून आणलं होतं. राहायला माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे रोज सकाळी माझ्या गाडीने विल्यम्स लँडिंग स्टेशनला आणि तिथून ट्रेनने शहरात, असा आमचा दोन वर्षं संसार चालला. त्यांना लायसन्स मिळालं नव्हतं. पहिल्यांदा खरंच चुकले. दुसऱ्यांदा सगळं नीट चालवून झाल्यावर, परीक्षा घेणाऱ्या बाईला तिच्या अंगठीतला खडा खोटा आहे असं सांगितलं. तिसऱ्यांदा गेलेच नाहीत.

बुटके, अंगाने सुके, हातावर जागोजागी भाजल्याचे डाग. अंगठे मात्र शरीराच्या मानाने फार मोठे. शर्ट रोज इस्त्रीचा. धातूची कुठलीही वस्तू हाताला लागली की अंगठ्याच्या नखाने टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचे. कॅफेतले चमचे, माझ्या गाडीची किल्ली, ट्रेनमधला दांडा, काही सुटायचं नाही. एकदा शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या काठीच्या मुठीला टिचकी मारली. म्हातारा घाबरून पुढच्या स्टेशनवर उतरला. "पितळ," पोतदार म्हणाले. "वरनं चांदीचं पाणी दिलंय."

त्यांचं एक पालुपद होतं. चांदीला वय नसतं. माणसाला असतं, म्हशीला असतं, चांदीला नाही. आज पैंजण आहे, उद्या आटवलं की ताम्हण, परवा नातीच्या बारशाला वाळे. हुपरीत आजीचे तोडे आटवून नातसुनेला घडवतात आणि त्यातच मान असतो. तुटकं, झिजलेलं तसंच ठेवून द्यायचं म्हणजे घरात मढं ठेवल्यासारखं. इथल्या म्युझियममध्ये ग्रेग त्यांना एकदा हौसेने घेऊन गेला होता. काचेतली काळी पडलेली भांडी बघून पोतदार त्याला म्हणाले की एक आठवडा मला इथे कोंडा, सगळं नवंकोरं करून देतो. ग्रेगला तो विनोद वाटला.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये करतो. पोतदार बायकोला सोडायला चालत आले आणि बाकीच्या नवऱ्यांसारखे बाहेर न थांबता आत टेबलापाशी घुटमळले. देशपांडे नावाच्या बाईंनी सासूची चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी मांडली होती. सासू वारल्यावर नागपूरहून खास आणलेली, फडक्यात गुंडाळून, हातातल्या बॅगेतून. पोतदारांनी टिचकी मारली. पन्नास बायकांसमोर म्हणाले, "जर्मन सिल्व्हर. सासूनं जिवंतपणी तुम्हाला बरं बनवलं की." देशपांडेबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तो तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही, आणि हेही विसरलेले नाही की आम्ही काही जणी हसलो होतो.

दुकानात टोनी नावाचा एक इटालियन कारागीर होता. सत्तरीचा, तीस वर्षं तिथेच. त्याचा हात थरथरायला लागला होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे न बघितल्यासारखं करत होते. ग्रेग त्याला सोपी कामं द्यायचा. पोतदार टोनीने आदल्या दिवशी झाळून जोडलेले दागिन्यांचे सांधे सकाळी तपासायचे, कच्चा सापडला की चिमट्याने सोडवायचे आणि ते दोन तुकडे टोनीच्या टेबलावर मधोमध ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. टोनी यायचा, कोट काढायचा, तुकडे बघायचा. रोज एक, कधी दोन. महिनाभराने तो आलाच नाही. मी गाडीत पोतदारांना म्हटलं, "दादा, म्हातारा माणूस होता. काय गरज होती?"

"मी तोडले काय सांधे?" ते म्हणाले. "कच्चेच होते. गिऱ्हाइकाच्या गळ्यातनं पडले असते. ज्याचं काम त्यानं नीट करावं, न्हाईतर घरी जावं."

यातला त्रास असा की त्यांचं म्हणणं खोटं नसायचं.

आता त्यांच्या जिवाला काय घोर होता तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इथे मालकाच्या स्पॉन्सरशिपवर पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवायचा तर अर्ज पंचेचाळीस वर्षं पुरी व्हायच्या आत जावा लागतो. पोतदार चव्वेचाळीस पुरे करून पुढे सरकत होते. मुलगी श्रेया अकरावीत, हुशार, मेडिसिनला जायचं म्हणणारी. बापाचा पीआर झाला तर ती इथली विद्यार्थिनी, नाही झाला तर परदेशी, आणि मग ते शिक्षण त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ग्रेग अर्ज करणार होताच, कागद वकिलाकडे तयार होत होते. जगाला ठेचत चालणारा हा माणूस या एका बाबतीत इतका हळवा होता की गाडीत रोज विचारायचा, "वकिलाचा फोन आला काय गं ग्रेगला?" मी नाही म्हटलं की खिडकीबाहेर बघत बसायचा.

ग्रेगचा एक नियम होता. काम करणाऱ्याने चिठ्ठी स्वतः वाचायची आणि वाचली म्हणून खाली सही करायची. पोतदार सही करायचे, वाचायचे नाहीत. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, व्हिसासाठीची इंग्रजीची परीक्षा पास झाले होते. पण "चिठ्ठी वाचून काम करायला मी पोस्टमन हाय व्हय? वस्तू सांगती की काय पायजे ते." म्हणून रोज पाकिटं त्यांच्या टेबलावर ठेवताना मीच प्रत्येक चिठ्ठी मराठीत वाचून दाखवायचे. ते ऐकत नसल्यासारखं ऐकायचे. ग्रेगला याचा पत्ता नव्हता. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

माझ्या मुलाच्या उष्टावणाला माझ्या बाबांनी चांदीची वाटी पाठवली होती. त्यांनी स्वतः खिळ्याने बुडाशी मुलाचं नाव कोरलं होतं, वाकडंतिकडं, शाळेतल्या पोरासारखं. कोविडमुळे सीमा बंद असतानाच बाबा गेले. मला जाता आलं नाही. ती वाटी मुलाने आपटून आपटून एका बाजूने चेपवली होती. मी पोतदारांना म्हटलं, "दादा, एवढा पोचा काढून द्याल का?" त्यांनी टिचकी मारली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "चांदी चांगली हाय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्रीच. मी खूश झाले.

आठवड्याने एका सोमवारी सकाळी गाडीत बसता बसता त्यांनी रुमालातून वाटी काढून माझ्या मांडीवर ठेवली. सुंदर वाटी. काठाला बारीक नक्षी, बुडाशी देवनागरीत मुलाचं नाव, छापल्यासारखं रेखीव. पण माझी नव्हे. त्यांनी ती आटवून नवी घडवली होती. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. पोतदार खरोखर गोंधळले. मग चिडले.

"वजन करून घे. एक ग्राम कमी असला तर सांग."

"दादा, बाबांचं अक्षर होतं ते."

"ते अक्षर व्हतं? मला वाटलं पोरानं ओरखडलंय." आणि बेल्ट लावत, "बाप गेला तर गेला की आता. वाटी नवी झाली न्हवं? चल, ट्रेन चुकंल."

मी गाडी सुरू केली.

त्याच दिवशी दुकानात मार्गरेट नावाची म्हातारी आली, बॅलरॅट गावाकडून, भाचीचा हात धरून. वय नव्वदीकडे झुकलेलं, नजर जवळजवळ गेलेली. तिने पर्समधून जे काढलं ते बघून ग्रेग खुर्चीतून उठला. चांदीचा ब्रोच होता. अंगठा आणि तर्जनी यांचं वर्तुळ करावं एवढी गोल कडी, तिच्यात आडवी पिन. पूर्वी युरोपात गळ्यापाशी झगा अडकवायला वापरायचे तसला. तिच्या आजीच्या आजीकडून आलेला, इंग्लंडहून बोटीने. म्युझियमच्या माणसाने तो सातशे वर्षांचा आहे असं सांगितलं होतं. कडीवर गोल फिरत गेलेली अक्षरं होती, मेरीमातेची प्रार्थना, अर्धीअधिक झिजून गेलेली. एका जागी कडी बरीच खोलगट झाली होती. म्हातारीने तिथे अंगठा ठेवून दाखवला. बरोबर बसला. तिची आईही तिथेच अंगठा फिरवायची म्हणे, आणि आजीही. पिन मोडल्यापासून ब्रोच अंगावर लावता येत नव्हता, आणि दिवसातून दहा वेळा हात गळ्यापाशी जाऊन रिकामा परत येत होता. तिला दुसरं काही नको होतं.

ग्रेगने चिठ्ठी स्वतः लिहिली. फक्त नवी पिन. साफ करू नये. कडीला अजिबात हात लावू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. मग तो चार दिवसांसाठी मासेमारीला गेला. "यू'ल टेक केअर ऑफ इट," मला म्हणाला. मी म्हटलं, "नो वरीज."

मी पाकीट पोतदारांच्या टेबलावर ठेवलं. रोजच्यासारखे ते कानस पुसत, न ऐकल्यासारखं ऐकायला थांबले. मी म्हटलं, "दादा, हे फार जुनं आहे. पिन गेलीय. बघा काय ते."

एवढंच बोलले. काय होणार हे मला ठाऊक होतं. मी वेडी नव्हते, विसरलेही नव्हते. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता आणि त्या रागाला एक जागा मिळाली, याचं बरं वाटलं. पोतदारांनी चिठ्ठीवर सही केली आणि पाकीट उघडलं.

तीन दिवस ते त्या ब्रोचवर बसले. जेवायला उठेनात. दुसरी कामं बाजूला सारली. मोडकी पिन आटवली आणि त्याच चांदीने झिजलेली जागा भरून काढली, कारण बाहेरची चांदी घातली तर ती बाईची राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कडी तापवून, ठोकून पुन्हा खरी गोल केली. काळं सगळं काढलं. अर्धवट उरलेली अक्षरं त्यांना मोडलेली वेलबुट्टी वाटली. ती त्यांनी पुरी केली, एकेक पान, एकेक कळी, भिंगातून बघत. पिन नवी घडवली, टोकाला अगदी बारीक कळस. मी तीन दिवस चहा नेऊन देत होते आणि बघत होते. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर निदान अक्षरं वाचली असती. दुसऱ्या दिवशीही काही तरी वाचलं असतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ब्रोच मला दाखवला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "कसा झालाय?"

"छान," मी म्हटलं. खरंच छान होता. असं काम मी पुन्हा बघितलेलं नाही.

म्हातारी आली तेव्हा ग्रेग परतला होता. पोतदार एरवी गिऱ्हाइकासमोर यायचे नाहीत. त्या दिवशी एप्रन बदलून, केस विंचरून बाहेर आले आणि ब्रोच स्वतः म्हातारीच्या तळहातावर ठेवला. तिने अंगठा फिरवला. एकदा पूर्ण गोल, मग उलटा. मग थांबली.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या कुणाचा दिलात, डिअर."

ग्रेगने ब्रोच हातात घेतला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. भाची फोनवर जुना फोटो काढून दाखवू लागली, ओरडू लागली, पण म्हातारी ओरडली नाही. ती सगळ्यांना समजावत होती की चूक होते कधी कधी, तुम्ही आत नीट शोधा, माझा असेल तिथे. अर्धा तास तिला पटवायला लागला. पटल्यावर तिने ब्रोच काउंटरवर ठेवला आणि आमच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "निदान जुनी पिन तरी द्या."

पोतदारांना तेवढं इंग्रजी पुरतं कळलं. कडीकडे बोट दाखवून म्हणाले, "इनसाइड. इट इज इनसाइड ओन्ली."

त्या गेल्यावर ग्रेगने चिठ्ठी मागवली. खाली पोतदारांची सही. त्याने मला विचारलं, हे त्याला माहीत होतं का, तू त्याच्याशी बोललीस का? नाही म्हटलं असतं तर ग्रेगने पुढचे प्रश्न विचारले असते. दोन वर्षं मी चिठ्ठ्या का वाचून दाखवत होते, आणि नेमकी हीच का वाचली नाही. माझी नोकरी गेली असती. पीआर मला केव्हाच मिळाला होता, दुसरी नोकरीही मिळाली असती. तरी मी म्हटलं, "हो. सगळं सांगितलं होतं."

पोतदारांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. टिचकी मारल्यावर मान तिरकी करून ऐकायचे, तसं. मग ग्रेगला म्हणाले, "यस. शी टोल्ड मी."

ग्रेग वाईट माणूस नव्हता. पण दुकानाचं नाव गेलं होतं, आणि वाचूनही मुद्दाम असं करणाऱ्या माणसासाठी तो सरकारकडे शब्द टाकेना. अर्ज थांबला, नोकरी गेली. पंचेचाळिसावा वाढदिवस सहा आठवड्यांवर होता. पोतदारांनी शहरातली सगळी दुकानं पालथी घातली. एक जण घ्यायला तयार झाला होता, पण टोनी आता त्याच्याकडे काम करत होता, आणि मालकाने साहजिकच टोनीला विचारलं. इथल्या मराठी मंडळात बातमी पसरली. खोटं कशाला बोलू, लोकांना आनंद झाला. देशपांडेबाई मला इंडियन स्टोअरमध्ये भेटल्या, "ऐकलं ते खरं का गं?" म्हणाल्या आणि खरं आहे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठीही एक चितळ्यांसारखी बाकरवडी घेतली. मी ती खाल्ली.

वाढदिवस झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, श्रेयाची बारावी अर्ध्यावर असताना, मी त्यांना टुलामरीन विमानतळावर सोडायला गेले. दुसरं कुणी आलं नव्हतं. पोतदार नेहमीसारखे पुढे बसले, मागे त्यांची बायको सुनंदावहिनी आणि श्रेया. मी श्रेयाला म्हटलं, कोल्हापूरलाही चांगलं मेडिकल कॉलेज आहे. "इट्स फाइन, आंटी," ती म्हणाली आणि कानात इयरफोन घातले. बापाशी ती महिनाभर बोलत नव्हती. वहिनींनी उतरल्यावर माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "तुम्ही व्हता म्हणून निभलं बघा. ह्यांचा सोभाव असला, तुम्हीच तेवढं सांभाळून घेतलंसा." त्या रडायला लागल्या. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं.

त्या दोघी ट्रॉली घेऊन पुढे गेल्या. पोतदार शेवटची बॅग डिकीतून काढत होते. मी म्हटलं, "दादा, ती चिठ्ठी मी वाचली नव्हती."

"मला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. "त्या म्हातारीनं अंगठा फिरवून सांगितलं, माझा न्हाई म्हणून. त्याच्यावर काय बोलायचं राहिलंय काय? आणि तू वाचलं असतंस तरी मी त्येच केलं असतं. तुला वाटत असंल तू मला बुडवलंस. तेवढी तू मोठी न्हाईस."

मला एवढं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसले. ते बघत होते. माझ्या हसण्याचीच वाट बघत ते थांबले असावेत.

"पण वाचून दाखवायचं काम तुझं व्हतं," ते म्हणाले. "दोन वर्सं नीट केलंस. त्या दिवशी न्हाई केलंस."

मागून पिवळ्या जॅकेटातला माणूस गाडी हलवायला सांगत होता. पोतदार काचेच्या दारातून आत गेले, बॅग एका खांद्यावर, इस्त्रीचा शर्ट, मागे न बघता. मी गाडी काढली.